पाच ग्लासांचा हिशेब

(दहावी 1997 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी आपल्या सगळ्यांना एकच विषय दिला होता: चाळिशीनंतर नव्याने काय शिकलात? नोकरी, बढती आणि मुलांचे मार्क सोडून बोला. ग्रुपवर कुणी सतार लिहिलं, कुणी ट्रेकिंग, कुणी गच्चीवरचं कंपोस्ट. मी लिहिलं, "वाइन". त्यानंतर जे इमोजी आले ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. एकाने तर विचारलं, "प्रात्यक्षिक आहे का?" नाही रे बाबा, शाळेच्या सभागृहात उभी आहे, फक्त तोंडी परीक्षा.

त्याच रात्री आपल्यातल्या एकाचा मला वेगळा मेसेज आला. त्याबद्दल शेवटी बोलते.

आधी घरचं सांगते. मी मागच्या बाकावरची, बिबवेवाडीतून चालत येणारी. माझे वडील मार्केट यार्डात एका गाळ्यावर दिवाणजी होते, हे पुष्कळांना माहीत आहे. ते प्यायचे, हेही काही जणांना माहीत होतं, पण तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. माघ-फाल्गुनात यार्डात द्राक्षं यायची. नाशिकची, तासगावची, सोलापूरची. ज्या संध्याकाळी वडील द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन सरळ चालत यायचे, ती आमच्या घरी दिवाळी. बाकीच्या संध्याकाळी काय व्हायचं ते इथे सांगत नाही. आपल्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. दहावीच्या वर्षी त्या मला "काचसामान पुसायला थांब" म्हणून सहापर्यंत प्रयोगशाळेत बसू द्यायच्या. बाई, त्या परीक्षानळ्या स्वच्छच असायच्या. मला तेव्हाही कळत होतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. तेव्हा मी ठरवलं की या गोष्टीला आयुष्यात हात लावायचा नाही. पुढे सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली, पार्ट्यांना गेले, लिंबूपाणी पिऊन परत आले.

मग चाळिशीत एका कामाच्या जेवणात परदेशी पाहुण्यांनी सहज विचारलं, "तुमच्या राज्यात चांगली वाइन होते म्हणतात, कोणती घ्यावी?" मला एक अक्षर सांगता आलं नाही. द्राक्षाच्या पेटीवर वाढलेली मुलगी मी! घरी येऊन वाचायला बसले, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की ही सगळी गोष्ट आपल्या अंगणातच घडली आहे.

नारायणगाव आपल्याला तमाशा आणि टोमॅटोसाठी माहीत. तिथे 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळणारी वाइन बनवायला घेतली, आणि ती परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली. आपण दहावी झालो त्याच 1997 साली मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. राजीव सामंत नावाचा स्टॅनफर्डला शिकलेला इंजिनिअर ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आला आणि 2000 मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांपासून इथेच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. अकलूजला मोहिते-पाटील बंधूंनी इटलीच्या आणि दिल्लीच्या दोन भावांच्या जोड्यांबरोबर 'फ्रातेल्ली' उभी केली. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा आहे.

मी ज्या द्राक्षांवर वाढले ती मात्र वेगळी. थॉमसन, सोनाका, शरद ही खायची द्राक्षं: मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बिया असलेली. खायला घेतलीत तर तुम्ही पेटी परत कराल. पण सगळी करामत त्या सालीत असते. रस जवळपास पांढराच असतो. सालीसकट आंबवला की लाल वाइन, साल काढून आंबवला की पांढरी. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. हे आपण प्रयोगशाळेत किण्वन म्हणून शिकलोच होतो, फक्त बाईंनी उदाहरण इडलीच्या पिठाचं दिलं होतं.

मग मी धाडस केलं आणि एक बाटली आणली. दुकानात इतकी गोंधळले की सर्वांत सुंदर लेबल असलेली उचलली. ती 'पोर्ट' निघाली, म्हणजे आपल्याकडे त्या नावाने जी गोड लाल वाइन मिळते ती. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली, हे नंतर वाचलं. दोन घोट घेतले आणि कफ सिरपची आठवण आली. उरलेली बाटली तांदळाच्या डब्यामागे लपवली.

आई माझ्याजवळच राहते. तिसऱ्या दिवशी तिला ती सापडली. मी ऑफिसातून आले तर बाटली ओट्यावर मधोमध ठेवलेली. मला वाटलं, आता रडेल नाहीतर बोलणं टाकेल. तिने एकच शब्द विचारला, "किती?"

मी म्हटलं, "दोन घोट." ती म्हणाली, "तेही असंच सांगायचे." आणि आत निघून गेली.

त्या रात्री मी बाटली मोरीत ओतली. काही महिने विषय बंद ठेवला. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, कारण मला खरंच उत्तर माहीत नव्हतं. किती म्हणजे किती? मग इंजिनिअर जे करतो ते केलं, आकडेमोड. ती तुम्हालाही सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की वाइन म्हणजे फळांचा रस.

बाटली 750 मिलीची. 150 मिलीचा एक ग्लास धरला तर पाच ग्लास. वाइनमध्ये साधारण 13 टक्के अल्कोहोल, म्हणजे एका ग्लासात 19-20 मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा 30 मिलीचा छोटा पेग 42.8 टक्क्यांचा, म्हणजे 13 मिलीच्या आसपास. याचा अर्थ वाइनचा एक ग्लास म्हणजे दीड छोटा पेग. आणि अख्खी बाटली म्हणजे साडेसात. "रोज एक ग्लास हृदयाला चांगला" हेही विसरा. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे की तब्येतीला अगदी सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. तेव्हा औषध म्हणून कुणी पिऊ नका. आवड म्हणून, थोडी आणि मोजून घेत असाल तर पुढचं ऐका.

हे सगळं कागदावर लिहून मी आईपुढे ठेवलं आणि माझे नियम सांगितले. घरात एका वेळी एकच बाटली. महिन्यातून एकदाच, चार मैत्रिणी मिळून, प्रत्येकीने 300 रुपये काढायचे. म्हणजे 1200 च्या आतली बाटली आणि प्रत्येकीला एक ग्लास. चिडून किंवा रडू येत असताना प्यायची नाही. आणि वही ठेवायची. आईने कागद वाचला, घडी केली आणि देवघराच्या खणात ठेवला. 'हो' म्हणाली नाही, 'नाही'ही म्हणाली नाही.

वही म्हणजे आपली प्रयोगवहीच. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. बाईंचा नियम आठवतो ना? आधी जे दिसतं ते लिहा, मत नंतर. मी रकाने केले: रंग, वास, चव, सोबत काय खाल्लं, आणि शेवटचा रकाना 'किती'.

सुरुवातीला पुस्तकी शब्दांची भीती वाटायची. मग लक्षात आलं की आपल्या स्वयंपाकघरात सगळे शब्द आहेत. लाल वाइनचा तो जिभेला ओढणारा तुरटपणा म्हणजे जास्त उकळलेला चहा. पांढरीतला आंबटपणा कधी लिंबाचा, कधी कैरीचा. पातळ की दाट हे ओळखायचं तर पाणी, दूध आणि साय यांतला फरक आठवा. मला एका शिराझमध्ये मिरपूड लागली आणि एका सोव्हिन्यों ब्लांमध्ये हिरवी ढोबळी मिरची. भीत भीत तसं लिहिलं. पुढे वाचताना कळलं की जगभरचे लोक याच दोन द्राक्षांबद्दल तेच लिहितात. आपल्याच जिभेवर विश्वास ठेवायला मला चाळीस वर्षं लागली म्हणायची.

कमी पैशांत काय करायचं, हे विचारणाऱ्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी.

पहिली, इथलीच घ्या. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं जबर सीमाशुल्क राहिलं आहे. त्या हजार रुपयांतले पुष्कळसे कर आणि बोटीच्या भाड्यात जातात. तेच हजार नाशिकच्या किंवा अकलूजच्या बाटलीवर घातले तर जास्त करून वाइनलाच जातात.

दुसरी, पांढऱ्यापासून सुरू करा. शनँ ब्लां नावाची मिळते ती थोडी फळांच्या वासाची, जिभेला सौम्य. लेबलवरचं वर्ष बघा. या साध्या वाइन ठेवून मुरत नाहीत, शिळ्या होतात. पांढरी असेल तर शक्यतो अलीकडच्या एक-दोन वर्षांतली घ्या. बूच नसून फिरकीचं झाकण असेल तर कमीपणा मानू नका, उलट ओपनर शोधायचा त्रास वाचतो. आणि ज्या दुकानात बाटल्या उन्हात उभ्या असतात तिथून काहीच घेऊ नका.

तिसरी, 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम युरोपातल्या थंड खोलीचा आहे. पुण्याच्या एप्रिलमधल्या खोलीचा नाही. वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तिचा तिखटपणा उतरतो.

चौथी, जेवण आपलंच ठेवा. कांदाभजी, साबुदाणा वडा, सुरळीची वडी यांच्याबरोबर थंड पांढरी छान जाते. तळलेल्याला आंबट हवंच असतं, म्हणून तर आपण लिंबू पिळतो. झणझणीत मिसळीबरोबर तुरट लाल घेतलीत तर तिखट दुप्पट लागतं. तो प्रयोग आम्ही करून पाहिला आहे, निष्कर्षासाठी पुन्हा करायची गरज नाही.

आता पाचवा ग्लास. चौघी मैत्रिणी आणि पाच ग्लास, म्हणजे एक उरतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं, यावरून हिशेब चुकणार. पण आम्ही तो झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायचं ठरवलं. तीन दिवसांनी एकीने येऊन एकेक घोट चाखायचा आणि काय बदललं ते लिहायचं. हवेने वाइन कशी थकते, वास कसा उडतो, शेवटी व्हिनेगरकडे कशी झुकते, हे मी त्या पाचव्या ग्लासातून शिकले. चाखून झालं की उरलेली मटाराच्या रश्शात, नाहीतर मोरीत.

असं वर्षभर चाललं. एकदा संध्याकाळी फ्रिज उघडला तर बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, उरलेल्या वाइनच्या पातळीवर नेमका चिकटवलेला. आईचं काम. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पातळी पट्टीच्या तिथेच होती. आईने फ्रिजमधून कोथिंबीर काढता काढता म्हटलं, "ह्या वेळची भज्यांबरोबर बरी होती का?" आमच्या घरात या विषयावर कुणी रागावल्याशिवाय बोललं, असं ते पहिलं वाक्य. पट्टी अजूनही लागते. आता मीच लावते.

2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस भांडण झालं होतं. एक बाजू शेतकऱ्याची होती, एक बाजू घरातल्या बाईची. विरोधामुळे तो निर्णय पुढे अमलात आला नाही. मी तेव्हा एकही शब्द लिहिला नाही, कारण मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. आजही वाटतात. माझ्या वडिलांनी द्राक्षांच्या पेट्या मोजल्या आणि माझ्या आईने रात्री.

आता तो मेसेज. आपल्यातल्या एकाने लिहिलं होतं, "तू वाइनवर बोलणार म्हणून हसलो. मला सोडून काही वर्षं झाली. संध्याकाळच्या जेवणाला यावं की नाही, विचार करतोय. सगळे आग्रह करतात." त्याच्या परवानगीने हे सांगतेय, नाव सांगणार नाही. तो आला आहे.

आपण मराठी माणसं आग्रहाची. जिलबीचा आग्रह करा, मठ्ठ्याचा करा. पण आज संध्याकाळी हॉटेलात कुणी 'नको' म्हटलं तर "अरे, एवढ्याने काय होतं" म्हणू नका, आणि 'का' असंही विचारू नका. मी संयोजकांना सांगून टेबलावर कोकम सरबताचा जग ठेवायला लावला आहे. मी स्वतः आज तेच घेणार आहे, कारण या महिन्याचा माझा ग्लास झालेला आहे.

बाई, वही बरोबर आणली आहे. एकदा तपासून सही कराल का?