एका शब्दाची ओळख
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



चौथीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू आहे असे समजा. गुरुजींनी फळ्यावर ‘ब्रेक’ हा शब्द लिहिला, त्यापुढे ‘मोडणे’ असा अर्थ लिहिला आणि मुलांकडून तो दहा वेळा म्हणवून घेतला. इतक्यात मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहते. तिच्या घरी मडकी घडविण्याचे काम चालते. ती विचारते, “गुरुजी, आमची मडकी मोडत नाहीत, फुटतात. मग मडक्याला कोणता शब्द?” अशा वेळी “पुस्तकात आहे तेवढे पाठ कर,” असे सांगून पुढच्या शब्दाकडे वळण्याचा मोह होतो. तसे झाले तर ती मुलगी खाली बसते आणि पुन्हा सहसा प्रश्न विचारीत नाही. वस्तुतः त्या दिवसाचा खरा धडा तिच्या प्रश्नातच होता.

मराठी भाषा या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. मडके, पाटी, काच या वस्तू फुटतात. काठी, फांदी, खडू मोडतात. दोरा, दोरी, साखळी तुटतात. वस्तूचा गुण पाहून मराठी आपले क्रियापद निवडते. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच हा भेद मुलाच्या जिभेवर बसलेला असतो. ‘मडके तुटले’ असे खेड्यातले पाच वर्षांचे मूलही म्हणत नाही. इंग्रजी मात्र या तिन्ही ठिकाणी ‘ब्रेक’ या एकाच शब्दावर काम भागविते. म्हणून ‘ब्रेक म्हणजे मोडणे’ हे सांगणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे.

याचा अर्थ ‘ब्रेक’ हा शब्द कोठेही चालतो असा नव्हे. कापड फाटते तेव्हा इंग्रजीत ‘टेअर’ हा शब्द येतो, फुगा फुटतो तेव्हा ‘बर्स्ट’. शेताला जसा बांध असतो तशी शब्दालाही हद्द असते. ती कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, हे दोन्ही दाखविल्याखेरीज शब्द शिकविला असे म्हणता येत नाही.

याहून महत्त्वाचा एक भेद आहे. ‘पाटी फुटली’ आणि ‘पाटी फोडली’ यांत मराठी मूल फार मोठा फरक करते. पहिल्या वाक्यात अपघात आहे, दुसऱ्यात कर्त्यावर दोष आहे. इंग्रजीत फुटणे आणि फोडणे या दोहोंस ‘ब्रेक’ हेच क्रियापद आहे. तेथे दोष कोणाचा, हे वाक्याची रचना सांगते. ‘द स्लेट ब्रोक’ म्हणजे पाटी फुटली. ‘आय ब्रोक द स्लेट’ म्हणजे मी पाटी फोडली. नुसता अर्थ पाठ केलेले मूल पहिले सांगावयास जाईल आणि दुसरे बोलून बसेल. न केलेली चूक आपल्या माथी घेणारे हे वाक्य त्याच्या तोंडी यावे, हे त्याच्यावर अन्यायाचे होईल. वाक्यातील उपयोग शिकविणे हा केवळ व्याकरणाचा सोपस्कार नव्हे, तो असा.

वचन मोडणे, नियम मोडणे, विक्रम मोडणे या ठिकाणी मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. तेथेही ‘ब्रेक’च येतो. उपवास मात्र आपण सोडतो, इंग्रज तो ‘ब्रेक’ करतो. इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे उपवास. रात्रीचा उपवास सोडण्याचे खाणे ते ‘ब्रेकफास्ट’. उजाडण्यालाही इंग्रजीत ‘डेब्रेक’ म्हणतात. आपल्याकडे ‘तांबडे फुटले’ म्हणतात, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे. दोन दूरच्या भाषा पहाटेकडे एकाच दृष्टीने पाहतात, हे कळले की परका शब्द ओळखीचा वाटू लागतो.

सायकलचा ब्रेक मात्र निराळा. उच्चार तोच, पण त्याची अक्षरे बी-आर-ए-के-ई आणि या शब्दाची बी-आर-ई-ए-के. ही दोन स्पेलिंगे शेजारी लिहून दाखविल्यास पुढचा घोटाळा टळतो.

ढाका येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे कार्य केलेले मायकेल वेस्ट यांनी इंग्रजीतील नित्योपयोगी शब्दांची एक यादी १९५३ साली प्रसिद्ध केली. तीत सुमारे २००० शब्द आहेत. शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात वापरात येतो, हेही तीत दाखविले आहे. मुद्दा हाच की, सर्व अर्थ एकदम न देता नेहमीचा अर्थ आधी द्यावा.

वर्गात हे काम अवघड नाही. शिक्षकाने प्रथम खडू मुलांसमोर मोडावा आणि वाक्य बोलावे. मग फळ्यावर फुटणे, मोडणे, तुटणे असे तीन रकाने आखून मुलांकडून वस्तूंची नावे भरून घ्यावीत आणि तिन्हींवर मिळून ‘ब्रेक’ लिहावे. त्यानंतर ‘ब्रोक’, ‘ब्रोकन’ ही रूपे वाक्यांतूनच द्यावीत. शेवटी प्रत्येक मुलाने आपल्या घरातील एका वस्तूविषयी एक वाक्य करावे. उपवास, पहाट इत्यादी अर्थ पुढे प्रसंग येईल तसे घ्यावेत आणि आठवड्याने तोच शब्द पुन्हा विचारावा.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. स्वतःचे इंग्रजी तोकडे आहे, या संकोचाने पुष्कळ शिक्षक प्रतिशब्दापाशीच थांबतात. तो संकोच नको. एखादा उपयोग ठाऊक नसल्यास मुलांसमक्ष कोश उघडावा. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, उलट कोश कसा पाहावा हे मुले शिकतात. शिवाय मराठीचे भांडवल शिक्षकाजवळ आहे आणि मुलांजवळही आहे. मडकी फुटतात हे त्या मुलीला कोणी शिकविले नव्हते. “तुझा प्रश्न बरोबर आहे, मडक्यालाही ‘ब्रेक’च,” एवढे उत्तर तिला मिळाले, तर तो शब्द ती विसरणार नाही आणि पुढचा प्रश्न विचारावयास ती पुन्हा उभी राहील.