मेथी : चमचाभर आणि 100 ग्रॅम



गणपतीपुढे मोदक सोडून मेथीवर बोलायला आम्हाला उभे केले, हे कार्यकारिणीचे धाडसच! आम्ही महाप्रसादाच्या स्वयंपाकाला जमणाऱ्या बायका, तेव्हा बोलणेही ओट्यापासूनच सुरू होणार.

मेतकुटाच्या नावातच मेथी आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी मेथीचे पीठ आधी काही दिवस तुपात मुरवतात, कडूपणा मवाळ व्हावा म्हणून. हैदराबादेत पिढ्या गेल्यावर आपण तेलुगू शेजारणींकडून मेंतिकूर पप्पू उचलला, बगारा बैंगनच्या फोडणीत दाणे टाकू लागलो. दाणे जरा जास्त लाल झाले की अख्खे पातेले कडू, हे मात्र प्रत्येकीला स्वतःच शिकावे लागते.

मेथी हरभऱ्या-तुरीच्या, म्हणजे शेंगांच्या कुळातली. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ट्रायगोनेला. फुलाच्या आकारावरून ‘छोटा त्रिकोण’. राजस्थानात नागौरकडे होणारी कसुरी मेथी ही तिची वेगळी बहीण. निळ्या फुलांची आणखी एक बहीण जॉर्जियाच्या मसाल्यात आणि स्वित्झर्लंडच्या एका हिरव्या चीजमध्ये पडते. वास सगळ्यांचाच दांडगा. मेथी खाल्ली की घामालाही येतो.

आता ज्यासाठी मुद्दाम उभ्या राहिलो ते सांगतो. आपल्यापैकी कितीतरी जण सकाळी मेथीचे पाणी पितात. ते खुशाल प्यावे. पण त्याच्या भरवशावर साखरेची गोळी बंद केल्याचे कानावर आले, की आमच्या पोटात गोळा येतो. ‘शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय’ असे वर सांगतात. केले आहे, आणि तेही आपल्याच गावात, तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इन्शुलिनवरच्या रुग्णांना 10 दिवस, तेल काढलेल्या मेथीची पूड रोज 100 ग्रॅम, दोन्ही जेवणांच्या पोळ्यांतून दिली. उपाशीपोटीची साखर उतरली, लघवीतून जाणारी निम्म्याहून कमी झाली. पण चहाच्या चमच्यात मेथी मावते जेमतेम 4 ग्रॅम! शिवाय गुण बराचसा दाण्यातल्या त्या बुळबुळीत चोथ्याचा. तो साखर रक्तात सावकाश उतरू देतो. आपण पाणी पितो आणि दाणे टाकून देतो.

उलटही होते. गोळी चालू असताना मूठमूठ मेथी खाल्ली तर साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना मेथीचेही सांगावे. गरोदरपणी भाजी, फोडणी चालते. औषध म्हणून पूड नको.

भुईमूगही याच कुळातला. दाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना मेथीही सोसत नाही. यंदा महाप्रसादाच्या पाटीवर, कोणत्या पदार्थात मेथी आणि कशात दाण्याचे कूट, ते आम्ही लिहून ठेवले आहे. पानावर बसण्याआधी तेवढे वाचावे.