उंबरठ्याचे दोन पत्ते



भाषा शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने संगणकांच्या जाळ्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु पत्ता लिहिणे ही मुळात भाषेचीच बाब आहे. आणि एका पत्त्याने माझी जी फजिती केली, तिच्यामुळेच हा विषय मी निवडला आहे.

२०१४ साली आपल्या बेळगावचे नाव अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले. ५९०००१ हा पिनकोड मात्र तोच राहिला. १९७२ साली सुरू झालेल्या या सहा अंकांत आरंभीचे अंक प्रदेश सांगतात, अखेरचे टपाल कार्यालय. आय.पी. पत्त्याचीही घडण अशीच आहे. पहिला भाग जाळ्याचा, उरलेला त्या जाळ्यातील घराचा. १९२.१६८.१.२० हे आपल्याला चार आकडे दिसतात. यंत्राच्या लेखी ती शून्य आणि एक यांनी लिहिलेली बत्तीस स्थानांची एकच संख्या असते.

फरक इतकाच, की पिनकोडात कोणता अंक काय सांगतो हे कायमचे ठरलेले आहे. येथे जाळ्याचा भाग कोठे संपतो हे निराळे सांगावे लागते, आणि ते काम सबनेट मास्क करतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ, पहिली चोवीस स्थाने जाळ्याची, उरलेली आठ घरांची. आठ स्थानांत २५६ संख्या बसतात. त्यांतील पहिली खुद्द जाळ्याच्या नावासाठी व शेवटची सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेली, म्हणून हाती २५४ उरतात. पूर्वी ही विभागणी ठरावीक वर्गांनी होत असे. १९९३ साली ती पद्धत मोडून रेघ हवी तेथे ओढण्याची मुभा देण्यात आली. (‘सीमा’ हा शब्द मी हेतुतः टाळला. आपल्या गावात तो जपून वापरावा लागतो!)

आता राऊटर. पत्ता यंत्राला असतो, असे आपण समजतो. वस्तुतः तो इंटरफेसला, म्हणजे यंत्राच्या एकेका तोंडाला असतो. आपल्याकडे ‘देहलीदीपन्याय’ प्रसिद्ध आहे: उंबरठ्यावरचा दिवा घरही उजळतो आणि अंगणही. राऊटर असाच उंबरठ्यावर बसतो, व त्याला दोन्हीकडचा एकेक पत्ता असतो. मात्र आतले आणि बाहेरचे जाळे वेगळे असले पाहिजे.

हे मला ठाऊक नव्हते. मी ज्या लहानशा वाचनालयाचे काम पाहतो, तेथे नवा राऊटर आणला. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस. सात-आठ मुले ताटकळत बसलेली. सगळे दिवे लागले होते, पण एकही पान उघडेना. इंटरनेट पुरविणाऱ्याची पेटी आपल्या बाजूने १९२.१६८.१ हे जाळे चालवीत होती, आणि आमच्या नव्या राऊटरने आत तेच जाळे मांडले होते. एकच अंगण दोन्ही दारांशी! निरोप कोणत्या दाराने धाडावा, हे त्या बिचाऱ्याने कसे ठरवावे?

दोघांनाही तोच आकडा कसा, असे आपण विचाराल. बत्तीस स्थानांत ४२९ कोटींहून थोडे अधिकच पत्ते होतात. जागतिक साठ्यातील अखेरचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. घरगुती वापरासाठी काही पत्ते राखून ठेवण्याची पद्धत मात्र त्यापूर्वीचीच आहे. ते कोणीही वापरावेत; लाखो घरांत तेच नांदत असतात. एकमेकांच्या शेजारी आले, की तंटा.

एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो मोठमोठ्या राऊटरांवर काम करतो. त्याने जाता जाता एक गंमत सांगितली. सिस्कोच्या राऊटरांचे इंटरफेस सहसा मुळात बंद असतात; पत्ता दिला तरी ‘नो शटडाऊन’ अशी आज्ञा दिल्याखेरीज ते जागे होत नाहीत. दोन नकारांचा एक होकार! व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण मला मिळाले असते, तर काय बहार आली असती.

“सर, आमच्या कामाचे राहू द्या, तुम्ही आतला पत्ता १९२.१६८.२.१ करा,” तो म्हणाला. मी केला. मास्क तोच ठेवला, संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केले. त्या रात्री नऊच्या सुमारास शेवटचा अर्ज गेला.