वैरणीचा हिशेब

(गांवच्या सभेंत झालेलें भाषण)



लढाई म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तरवार येते. आम्ही आज वैरणीविषयीं बोलणार आहों.

१६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचें लष्कर चिपळुणाजवळ छावणीस होतें. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांनीं लिहिलेलें पत्र आज उपलब्ध आहे. त्यांतील पुष्कळसा मजकूर दाणावैरणीचा आहे. पावसाळ्याची सांठवण आतांच उधळली तर भर पावसांत घोडीं उपाशीं मरतील, आणि मग शिपाई कुणब्याच्या घरांत शिरून दाणे, भाकर, लांकूडफांटा उचलूं लागतील. उरलासुरला कुणबीहि गांव सोडील व तुम्हांस मोगलांहून वाईट समजेल, असें महाराज बजावतात. शेवटीं तर ते उंदरापर्यंत येतात! जळता दिवा राहिला, उंदरानें वात ओढली, कीं एका गंजीपायीं सारी वैरण खाक. आम्हांस हें पत्र प्रतापगडाच्या प्रसंगाइतकेंच मोठें वाटतें.

याच्या उलट १७६० सालीं सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, तेव्हां लढणारांबरोबर बायकामुलें, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा मोठा जमाव होता. कबिले व जड सामान मागें ठेवावें हा होळकर व सुरजमल जाट यांचा सल्ला मानला गेला नाहीं. पुढें सुरजमल निघून गेला. पानिपतास अडकल्यावर रसद तुटली, ती पोंचविण्यासाठीं झटणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज लढावयास बाहेर पडली. त्या दिवशींच्या चुका काढणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें हार पुष्कळ अगोदर, बरोबर कोण घ्यावयाचें हें ठरलें तेव्हांच, सुरू झाली. पळून आलेल्यांस अन्नवस्त्र त्याच सुरजमलानें दिलें, हेंहि विसरूं नये.

आतां आपल्या घरीं या. लग्नांत पंगत वाढली, कणगींतलें बी जेवणांत गेलें. पेरणीस चार पायली बी सावकाराकडून दिढीनें आणलें. सुगीस सहा द्यावयाचे. पीक बुडालें तर पुढल्या सालीं नऊ, त्यापुढें साडेतेरा. मांडव एका रात्रींत उतरतो, पण हा आंकडा चढतच राहतो. ऐरण गहाण टाकून वरातीस बाजा आणणाऱ्या लोहाराची गोष्ट निराळी नाहीं.

सारें कर्ज लग्नाचेंच असतें असें कोणी समजूं नये. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, त्यामागें वाढलेला सारा होता, अमेरिकेंतील लढाई संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव होता. तो भाव आपल्या हातीं नव्हता. कणगी मात्र आपल्या हातीं आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, कीं लग्नाची याद करण्याअगोदर बियांची कणगी लिंपून बंद करावी, आणि ती फोडण्याचा अधिकार घरच्या बाईकडे असावा. जे दुकानाचें बी घेतात त्यांनीं तितके पैसे आधींच पोस्टांत टाकावे.