वैनगंगेच्या तीरावर आपले स्वागत
(स्वागताध्यक्षीय भाषण, कुही)



वैद्यकीय परिभाषेची परिषद आमच्या गावी भरते आहे, या आनंदाने मला रात्री झोप आली नाही.

पाहुण्यांनी आमच्या तालुक्यातले अंभोरा पाहिल्याशिवाय परतू नये. तिथे कन्हान, आम या नद्या वैनगंगेला भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वर आहे, हरिनाथांची समाधी आहे. नव्या पुलावर फोटो काढायला गर्दी होते, समाधीपाशी थांबणारे थोडे. त्याच गुरुपरंपरेतल्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधी, ‘विवेकसिंधु’ मराठीत लिहिला. अंबाजोगाईकरही त्यांना आपले मानतात, त्यांच्याशी आमचा वाद नाही. पण ग्रंथात आमच्या वैनगंगेचे नाव आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. वेदान्त ज्यांनी लोकांच्या भाषेत आणला, त्यांच्या तालुक्यात आजारांची नावे मराठीत घ्यायला संकोच कसला?

आजचा पहिला शब्द ‘ॲन्युरिझम’. मी तो ‘न्यूरो’तला, मज्जातंतूंचा समजत होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रुंदावणे. ‘युरिस’ म्हणजे रुंद. रोहिणीची भिंत एके जागी कमजोर होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगा येतो, कापलेल्या टायरमधून ट्यूबचा यावा तसा. सुश्रुतसंहितेतली सिराग्रंथी काही अभ्यासक याच्याच जवळची मानतात. आपल्याकडे ‘रोहिणीविस्फार’, ‘धमनीविस्फार’ हे शब्द आहेत. पण दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या नातेवाइकाला ‘विस्फार’मध्ये ‘स्फोट’ ऐकू येतो. नस फुटलीच असे समजून तो हातपाय गाळतो. फुगलेली नस अजून फुटलेली नसते, अनेकदा उपायाला वेळ असतो. म्हणून माझी कळकळीची विनंती एवढीच, की ‘फुगवटा’ म्हणा, त्याला ते लगेच उमगेल.

निवासाची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत आहे. गाद्या पातळ आहेत, न्हाणीघरे कमी आहेत. मनापासून क्षमा मागतो. धानगिरणीवाल्यांनी तांदूळ दिला, मांढळच्या व्यापाऱ्यांनी किराणा, मंडपवाल्या भावाने भाडे घेतले नाही. बचत गटाच्या ताई पहाटेपासून चुलीपाशी आहेत. मिरची सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बायांनी एका दिवसाची मजुरी वर्गणीत दिली. त्यांच्या पावत्या मी स्वतः लिहिल्या, त्यांचे ऋण फार मोठे आहे.

दुपारी वडाभात आहे, वरून फोडणीचे तेल मागून घ्या. अंभोऱ्याची गाडी उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून निघेल.