दुष्फेन पाणी आणि आपला संसार



वसंतातल्या या व्याख्यानांत आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता. आजचा विषय त्या मानाने धाकटा, न्हाणीघरातला आणि चुलीपाशीचा आहे. परंतु ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याची चिंता गृहिणीने एकटीने वाहावी आणि बाकीच्यांनी आयते जेवायला बसावे, हे न्यायाचे नव्हे.

हे पाणी जड का होते? आपला जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कर्बवायू घेऊन किंचित आम्ल बनते आणि काळ्या मातीतली चुनखडी व खालचा खडक यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवते. खडकाच्या भेगांत ते जितके मुरते, तितके जड होते. शहराच्या नळाला पूर्णेचे पाणी येते. जिंतूर तालुक्यात 1968 साली पुऱ्या झालेल्या येलदरी धरणासारख्या जलाशयातले पाणी बव्हंशी जमिनीवरून वाहून आलेले, म्हणून बोअरच्या पाण्याहून सहसा सौम्य असते. पण नळाला खंड पडला की त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडले जाते, आणि आज हंड्यात कोणते पाणी आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

आता घरखर्चाचा हिशेब पाहू. साबण पाण्यात पडला की तो आधी चुन्याशी संयोग पावून साका बनतो, आणि उरला तर मळ काढतो. लिटरला 300 मिलिग्रॅम कठिणता असलेल्या 15 लिटरच्या बादलीत, रसायनशास्त्राच्या हिशेबाने, सुमारे 27 ग्रॅम शुद्ध साबण फेस टिकण्यापूर्वीच खर्ची पडतो. म्हणजे 100 ग्रॅमच्या वडीचा चौथा हिस्सा मळाला न शिवता मोरीत गेला! चुन्याची कठिणता असेल तर हेच काम 13 ग्रॅम धुण्याचा सोडा आधी बादलीत विरघळवून होते. सुती कपड्यांना ही युक्ती चालते. लोकर आणि रेशीम मात्र त्यापासून दूर ठेवावे.

डाळीचे कोडेही असेच आहे. दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवते, म्हणून वरण एकजीव होत नाही आणि इंधन जळत राहते. खाण्याचा सोडा टाकला तर डाळ मऊ होते, पण ब जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. त्यापेक्षा डाळ सौम्य पाण्यात भिजवून शिजवावी, आणि चिंच किंवा आमसूल शेवटी घालावे.

पाणी उकळले की त्यातील कठिणतेचा एक भाग पांढरे पुट होऊन भांड्याच्या तळाशी बसतो. हे पुट उष्णता अडवते, म्हणून गीझर साठ अंशांच्या आत ठेवावा आणि त्याचे पुट वेळच्या वेळी काढून घ्यावे. तुरटीने मात्र गढूळपणा खाली बसतो, कठिणता जात नाही. 1841 साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी पाण्यातला चुना काढण्यासाठी पाण्यात चुनाच घालण्याची रीत काढली. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार! मात्र ते काम जलशुद्धीकरण केंद्राचे आहे, घरातल्या माठाचे नव्हे.

आणि आता सर्वांत मोठे भय, मुतखड्याचे. चुन्याच्या पाण्याने खडा होतो, असे आपण सर्रास म्हणतो. केवळ कठिण पाण्याने खडे होतात याला भक्कम पुरावा नाही. उलट आपल्या कडक उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हेच अधिक घातक. ज्यांना खडा झाला आहे त्यांनी वैद्याचे ऐकावे. जागतिक आरोग्य संघटनेने कठिणतेसाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम इष्ट मानले असून, दुसरा स्रोत नसेल तेथे 600 पर्यंत चालवून घेतले आहे.

याचा अर्थ सर्वच पाणी निर्धोक, असा मात्र नव्हे. नायट्रेट, फ्लोराइड आणि रोगजंतू जिभेला कळत नाहीत, फेसावरूनही ओळखता येत नाहीत. भीतीने घेतलेले यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते आणि शरीराला उपयोगी क्षारही काढून टाकते. म्हणून आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बोअरचे आणि नळाचे असे दोन वेगळे नमुने द्यावेत. एका घराला हे जड वाटले तर गल्लीने मिळून करावे. बोअर बहुधा सामाईकच असते.

शेवटी आकाशाकडे पाहा. 100 चौरस मीटरच्या छतावर एक इंच पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर सौम्य पाणी पन्हळीतून वाहून जाते. पहिल्या पावसाचे सोडून पुढचे साठवले, तर महिनाभराचे धुणे त्यावर निभेल. पिण्यासाठी वापरायचे असेल तर ते गाळून उकळावे.

श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच, की आधी पाणी मोजा आणि मग पैसे मोजा. हे मोजमाप झाल्यावाचून घरातल्या बाईच्या माथी न शिजलेल्या डाळीचा दोष मारू नका.