कार्ड मिळालं, डायव्हिंग आलं नाही

मी डायव्हिंग करतो हे कळल्यापासून बरेच जण विचारतात, "स्कूबाचा कोर्स कुठे करू?" नाव मी कुणाचंच सांगणार नाही. त्याऐवजी माझा स्वतःचा पहिला कोर्स कसा झाला ते सांगतो, म्हणजे काय बघायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

आधी एक घोळ मिटवू. मालवणला, तारकर्लीला बोटीतून नेतात, थोडा वेळ पाण्याखाली मासे दाखवतात, व्हिडिओ काढून देतात. तो कोर्स नाही. तिथे पूर्ण वेळ कोणीतरी तुमचा सिलिंडर मागून धरून असतं, हवा आणि खोली तोच सांभाळतो. माझीही सुरुवात तिथेच झाली आणि वेड लागलं. कोर्स म्हणजे ओपन वॉटर. तो झाला की तुमच्यासारख्याच एका शिकलेल्या जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. म्हणजे आता मागून धरणारं कोणी नाही.

मी आणि माझा कॉलेजातला मित्र, दोघांनी मिळून हा कोर्स केला. एक इन्स्ट्रक्टर, आम्ही सहा जण. आठपर्यंत चालतात, त्यामुळे कागदावर सगळं नियमात. लेखी परीक्षेत साहेब स्वतःच म्हणाले, "तिसऱ्याचं ब लिहा, पुढे चला." आम्ही हसलो. बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पाण्यातली कामं. त्यातलं एक म्हणजे मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. माझ्या मित्राला ते जमेना. दोनदा नाकात पाणी गेलं, धडपडत वर आला. तिसऱ्यांदा त्याने जेमतेम चमचाभर पाणी आत घेतलं, इन्स्ट्रक्टरने ओकेची खूण केली आणि पुढच्याकडे वळला. खरं तर ते न घाबरता, सहज आणि परत परत जमलं पाहिजे, तरच पास करायचं असतं. ऑफिसात एखादी टेस्ट फेल होत असते, उद्या रिलीज असतं, मग कोणीतरी ती टेस्टच बंद करून टाकतं. स्क्रीनवर सगळं हिरवं. तसंच झालं हे.

त्या रात्री मित्र मला म्हणाला, "मला मास्कचं जमलेलं नाहीये रे. सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "जाऊ दे ना, कार्ड मिळतंय ना." हे वाक्य माझं आहे. ते इन्स्ट्रक्टरच्या माथी मारता येणार नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. पाण्यात खाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं बांधतात. मला दहा किलो बांधलं. का? तर जड माणूस तळाशी गुडघ्यावर गप बसतो, आणि सहा जणांना ओळीने बसवून शिकवणं सोपं जातं. पण जड माणसाला पोहताना तरंगत राहायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. आणि ती हवा वर येताना फुगते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथली एक लिटर हवा वर येईपर्यंत दोन लिटर होते. जॅकेटमधलीही आणि छातीतलीही. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास रोखायचा नाही. भरल्या छातीने श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

काही महिन्यांनी आम्ही मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर गेलो. साधारण बारा मीटरवर होतो, गाइड थोडा पुढे. माझा फिन मित्राच्या मास्कला लागला आणि पाणी शिरलं. तो घाबरला आणि सरळ वर निघाला. मी त्याचा पट्टा धरला. दोघांच्याही जॅकेटमधली हवा फुगत गेली, आम्ही सुटलो ते थेट वर. हवा सोडायचं बटण मला सापडलंच नाही, कारण घाईत ते शोधायचा सराव कधी केलाच नव्हता. एवढंच आठवलं की श्वास रोखायचा नाही. मी तोंडातून आवाज काढत राहिलो आणि मित्राच्या पोटात बुक्की मारली, म्हणजे त्याचाही श्वास सुटावा.

वर आलो. त्याला खोकला, मला थरथर. काही झालं नाही. नशीब, दुसरं काय.

पुढच्या सीझनला मी दुसऱ्या एका बाईंकडे सगळं पहिल्यापासून शिकलो. पहिला तास फक्त वजनात गेला. मला पाच किलो पुरतं असं निघालं. गुडघ्यावर बसणं बंद, प्रत्येक गोष्ट तरंगत करायची. मास्क सात-आठ वेळा काढायला लावला, शेवटी शेवटी मला कंटाळा यायला लागला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता आलं तुला."

दोष एकट्या इन्स्ट्रक्टरचा नाही. आपण भाव पाडतो, दुकानवाले दिवस कापतात. आणि पॅडीसारख्या मोठ्या संस्थेतही पहिलं कार्ड मिळून सहा महिने झाले आणि १०० डाइव्ह नोंदल्या की इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसता येतं. त्यातले काही उत्तम निघतात, काहींनी अजून घाबरलेला माणूस पाहिलेलाच नसतो.

तर पैसे भरण्याआधी विचारा. माझ्या गटात किती जण? गुडघ्यावर शिकवता की तरंगत? मला एखादी गोष्ट जमली नाही तर जादा दिवस मिळेल का, आणि त्याचे किती? शेवटच्या प्रश्नावर समोरचा वैतागला तर उठून या. आणि स्वतःलाही विचारा, जमलंय का खरंच.

मित्र त्यानंतर पाण्यात उतरलेला नाही. हा भाग रेकॉर्ड करण्याआधी त्याला फोन केला होता, सांगू का म्हणून. तो म्हणाला, "सांग. पण कार्डचं तुझं वाक्यही सांग." सांगितलं.

भेटू पुढच्या भागात.